पाकिटावरचं तिकीट कापू नका

मंडळी, तिकिटं गोळा करायला लागलेल्या माणसापुढे लवकरच प्रश्न उभा राहतो, की नेमकं जमवायचं काय? सगळं जमवायचं म्हटलं तर एक जन्म पुरायचा नाही. म्हणून कुणी पक्षी धरतो, कुणी रेल्वे, कुणी गांधीजी. मुलांनी तिथूनच सुरुवात करावी. पण ती तिकिटं पैसे टाकले की कुठेही मिळतात. साताऱ्याच्या माणसाने आधी घरातली जुनी ट्रंक उघडावी, असं माझं ठाम मत आहे.

तसं साताऱ्याचं तिकिटांशी नातं जुनंच. १८४८ साली छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब महाराज वारले, तेव्हा इथे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज प्रतिनिधी, होते बार्टल फ्रिअर. हेच फ्रिअर पुढे सिंधला गेले आणि १८५२ मध्ये त्यांनी ‘सिंध डाक’ तिकिटं काढली. आशियातली ती पहिली.

पण ट्रंकेतला खरा ठेवा म्हणजे फौजेतली पत्रं. अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. ‘५६ एपीओ’ हा फौजेच्या टपाल कार्यालयाचा (आर्मी पोस्ट ऑफिस) पत्ता इथल्या किती आया-बहिणींना तोंडपाठ असेल! पहिल्या महायुद्धात पंचम जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी अक्षरं छापून ती परदेशी गेलेल्या हिंदी फौजेला दिली होती. १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी आपले जवान कोरियात गेले, तेव्हा तिकिटांवर चक्क देवनागरीत छापलं, ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कटक म्हणजे फौज. १९६२ मध्ये काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतल्या आपल्या जवानांसाठी अशीच वेगळी छपाई झाली. १९६५ मध्ये गाझातल्या तुकडीसाठी नेहरूंच्या १५ पैशांच्या तिकिटावर ‘यूएनईएफ’ (संयुक्त राष्ट्रांची आणीबाणी फौज) ही रोमन अक्षरं आली.

आता असं एखादं पाकीट हातात घ्या. शिक्क्यावर बहुधा गावाचं नाव नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेसोबतच्या टपाल कार्यालयाचा, नुसता नंबर आणि तारीख असते. फौज कुठे आहे हे शत्रूला कळू नये, म्हणून ही व्यवस्था. त्या नंबरावरून आणि तारखेवरून जाणकार संग्राहक पलटणीचा ठावठिकाणा काढू शकतो. कधी पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरचाही शिक्का असतो. आपण मात्र कोपरा कापतो, पाण्यात भिजवून तिकीट सोडवतो आणि बाकीचं टाकून देतो. शिक्का अर्धा तुटतो, पत्ता जातो, पत्र जातं. हे बघून जीव तुटतो हो!

तेव्हा पाकीट अख्खंच ठेवा. चिकटपट्टी लावू नका, तिचा पिवळा डाग कधी निघत नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात गोंदाची तिकिटं एकमेकांना चिकटतात, कागदावर तांबूस ठिपके पडतात, म्हणून अल्बम भिंतीच्या ओलीपासून लांब, उभा ठेवा. आणि आजोबांचं नाव, पलटण, वर्षं हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून त्या पाकिटासोबत ठेवा. घरात हे सांगणारं माणूस आज आहे, तोवरच विचारून घ्या.