माऊनचं जेवण, एत्शाच्या टोपल्या

हे तीन पायांचं काळंकुट्ट बिडाचं भांडं बघताय ना, यात कधीपासून बीफ रटरटतंय, पाणी आणि मीठ, बस, मसाला नाही की फोडणी नाही, आणि शिजलं की लाकडी दांड्याने कुटून कुटून त्याचे धागे करतात. हा सेस्वा. बोत्स्वानात लग्नाला हाच, मयताला पण हाच, आणि रांधतात बहुतेक पुरुष. ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश बघायला आलेले टुरिस्ट माऊन गावात उतरतात, त्यांना लॉजच्या शेकोटीभोवती हेच वाढतात, बरोबर मक्याच्या पिठाचा घट्ट पॅप आणि धीर असेल तर मोपाने झाडावरच्या, वाळवून तळलेल्या अळ्या, कुरकुरीत लागतात.

मग नाच. पायांकडे बघा, ती खळखळ घुंगरांची नाहीये, पतंगांच्या रिकाम्या कोषांत बारीक खडे भरून त्यांच्या माळा बांधल्यात.

पण आम्हाला दाखवायचंय ते एत्शा. एत्शा 1 पासून एत्शा 13 पर्यंत, गावांना नुसते नंबर, कारण 1960च्या दशकाच्या शेवटी अंगोलातल्या युद्धातून पळून आलेल्या हांबुकुशू लोकांना इथे गटागटाने वसवलं, आणि त्यांच्या बायकांच्या हातात टोपल्या विणायची कला होती.

आता हात बघा. मोकोला पामचं अजून न उघडलेलं कोवळं पान, ते चिरून उकळायचं, रंग हवा असेल तर त्यातच मोत्लाकोला झाडाच्या मुळ्या टाकायच्या, तपकिरी येतो, आणि लालसर पाहिजे तर मोत्सेंत्सेलाची साल. मग आरीने भोक पाडायचं, पट्टी ओवायची, ओढायची, परत भोक, अशी वळीवर वळी. मोठ्या टोपलीला आठवडेच्या आठवडे जातात. जुन्या टोपल्या इतक्या घट्ट विणलेल्या असायच्या की त्यात चक्क ज्वारीची बिअर राहायची! ही नागमोडी नक्षी दिसतेय ती चालता चालता बैल मुततो तेव्हा मातीत उमटणारी रेघ, कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल, आणि त्याच्या शेजारची, जिराफाचे अश्रू.

मागणी वाढली तशी जवळचे पाम ओरबाडले गेले, पानांसाठी लांब जावं लागतं.

माऊनच्या दुकानातही या मिळतात, पण जमलं तर इथे येऊन विणणारीकडूनच घ्या, पुला, म्हणजे इथलं चलन, रोख ठेवा, आणि लॉजवर ड्रिंक्सचं बिल गपचूप भरणाऱ्यांनी इथे घासाघीस करू नका प्लीज. पसरट टोपली घेतली तर बॅगेत कपड्यांखाली आरामात बसते.