तार यायच्या आधी गॅस बंद

(दृश्य: डोंबिवलीतलं छोटं स्वयंपाकघर, सकाळ, गॅसवर स्टीलचं पातेलं)

आईने पातेल्यात डोकावून बघितलं आणि पहिला प्रश्न काय, तर "तार आली का गं?" आता यात तिची काही चूक नाही, तिने आयुष्यभर पाक दोन बोटांत धरून निघणाऱ्या तारेवरच ओळखलाय, रव्याच्या लाडवाला एकतारी, तिळाच्या वडीला गोळीबंद, आणि आज मी तिला सांगतेय की आई, तार आली तर बिघडलं! ती माझ्याकडे अशी बघतेय की हिला कुणी स्वयंपाक शिकवला.

तर आज आपण करतोय कॉफीत घालायचं मसाल्याचं सिरप. कॅफेत ज्या रंगीत बाटल्या ओळीने लावलेल्या असतात ना, त्यातलंच एक, फक्त आपल्या घरच्या चवीचं. चव कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता, कारण आमच्याकडे कॉफी म्हटलं की जायफळ, साधी कॉफी पाहुण्यांना दिली तर आजीला ते आजाऱ्याचं पेय वाटायचं. गंमत बघा, कॉफी झोप उडवायला आणि जायफळ झोप यायला, तरी दोघं एका कपात सुखाने नांदतात.

(दृश्य: ओट्यावर ताटलीत मसाले, बाजूला गुळाची ढेप)

हे जायफळ गुहागरच्या मावशीकडचं. नारळी-पोफळीच्या बागेत सावलीला ही झाडं लावतात. जायफळाची एक भानगड आहे, नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बी लावून वाढवलेलं रोप फुलेपर्यंत नक्की काय आहे ते कळत नाही, त्यात पाच-सात वर्षं जातात आणि नर निघालं की बसा बोंबलत. म्हणून लोक कलमं घेतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' म्हणून एक जात काढली, तिच्यात दोन्ही फुलं एकाच झाडावर येतात. बीवर जी लाल जाळी असते ती जायपत्री, तीही मसालाच, पण आज ती डब्यातच राहू दे.

माप सांगते. 250 ग्रॅम गूळ, 300 मिली पाणी, 8 ते 10 वेलदोडे, बोटभर दालचिनी, 4 मिरीदाणे, 2 लवंगा, सुंठेचा छोटा तुकडा आणि पाव जायफळ. लवंगा दोनच हां, मी एकदा हौसेने सहा घातल्या होत्या आणि कॉफी पिऊन जीभ बधिर, दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखं वाटत होतं. जायफळही पावच्या वर नको, जास्त झालं की कडवट लागतं आणि जास्त खाणं तब्येतीलाही बरं नाही.

(दृश्य: तव्यावर मसाले, मग खलबत्ता)

मसाले अख्खे घ्या. जायफळ सोडून बाकीचे मंद आचेवर मिनिटभर गरम करायचे, वास सुटला की खलबत्त्यात नुसते भरडायचे. पूड नाही करायची. दालचिनीची पूड पाण्यात उकळली की बुळबुळीत होते, ते फडक्यातून गळत नाही आणि सिरप गढूळच राहतं. पहिल्या वेळी मी तयार पूड घातली होती, बाटलीच्या तळाला दोन बोटं चिखल बसला होता अक्षरशः.

आता मसाले आधी नुसत्या पाण्यात, गूळ अजिबात घालायचा नाही. पातळ पाण्यात मसाल्याचा अर्क नीट उतरतो, दाट पाकात तेवढा उतरत नाही. झाकण ठेवून 8-10 मिनिटं मंद उकळू द्या. मग चिरलेला गूळ घाला, विरघळला, एक उकळी आली, वरचा फेस काढला, संपलं, गॅस बंद.

(दृश्य: आईचा हात, दोन बोटांत पाकाचा थेंब)

ही बघा, तपासतेच आहे! एकतारी पाक 105 अंश सेल्सिअसच्या आसपास होतो, म्हणजे पाणी बरंच उडून गेलेलं असतं. लाडवाला ते हवंच असतं, पण आपलं सिरप फ्रिजमध्ये जाणार आहे, तिथे ते मधासारखं घट्ट होऊन बाटलीतून पडणारच नाही. आणि सिरपचा सगळा उपयोगच हा की ते थंडगार कॉफीत चटकन मिसळतं, साखर घातली तर ती तळाशी बसते आणि शेवटच्या घोटाला दाताखाली येते.

गॅस बंद केल्यावर जायफळ किसून घाला. उकळताना घातलं तर वास घरभर होतो आणि बाटलीत काही उरत नाही. झाकून अर्धा तास ठेवा, मग मलमलच्या फडक्यातून गाळा. गुळात कचरा, बारीक वाळू काहीही असू शकतं, म्हणून फडकं दुहेरी.

साखरेचं केलंत तरी चालेल, फक्त लिंबाचे चार थेंब टाका म्हणजे खडे धरत नाहीत. गुळाला त्याची फारशी गरज लागत नाही, त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज मुळातच थोडं असतं.

पण गुळाचा एक धोका. उकळत्या दुधात हे ओतू नका, फाटतं. गुळातला किंचित आंबटपणा आणि क्षार गरम दुधाला सोसत नाहीत. पाहुणे बसलेले असताना माझं अर्धा लिटर दूध नासलंय, अनुभवाने सांगतेय. कॉफी कपात ओता, जरा निवू द्या, मग दोन चमचे सिरप. कोल्ड कॉफीत काहीच टेन्शन नाही.

(दृश्य: काचेची बाटली, त्यावर तारखेची चिठ्ठी)

यातून साधारण 400 मिली निघतं. बाटली उकळून अगदी कोरडी करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीनेक आठवड्यांत संपवा. मुरांबा वर्षभर टिकतो कारण त्यात साखर खूप असते, इथे जवळजवळ अर्धं पाणी आहे. बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला की सरळ बेसिनमध्ये.

कॉफीपुरतंच ठेवायची गरज नाही. व्हॅनिला आइस्क्रीमवर छान लागतं, गरम घावनावर लागतं, पण माझ्या मते सगळ्यात भारी लागतं शिकरणात, साखरेच्या जागी. थंड दूध, केळी, वरून हे. इथे आई पहिल्यांदा गप्प बसली, वाटी संपेपर्यंत.

(दृश्य: फडक्यातला चोथा)

आणि मग म्हणाली, "हा मसाला टाकू नकोस हं, दुपारच्या चहात घालते."