रात्री दोन वाजता ढुंगण वर करून झोपणारी गँग

हां, तर नमस्कार मंडळी! आज टॉडलर लोकांच्या झोपेबद्दल बोलू, म्हणजे साधारण एक ते तीन वर्षांची गँग. यांना तुम्ही रात्री छान उशीवर सरळ झोपवता आणि दोनला बघता तर डोकं पायथ्याशी, एक पाय बाबांच्या गळ्यावर, ढुंगण वर आणि साहेब ढाराढूर!

आता हे होतं का, तर आपली मोठ्यांची झोपेची एक सायकल साधारण ९० मिनिटांची असते, यांची तासाभराच्या आसपास, म्हणजे गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, मग थोडी जाग, कूस बदलली, परत झोप, हे सगळं रात्रभरात आपल्यापेक्षा जास्त वेळा होतं, आणि प्रत्येक वेळी गाडी बेडवर थोडी पुढे सरकते.

खरी गंमत त्या अर्धवट जागेत आहे. पोरगं तेव्हा बघतं की झोप लागताना जे जवळ होतं ते अजून आहे ना. आमच्याकडे ते म्हणजे माझा कान. डावाच. पाळी दोन बोटात धरून चोळत चोळत झोपतो, उजवा दिला तर चक्क चिडतो, आणि रात्री कान सापडला नाही की भोंगा सुरू. कुणाला आईचा पदर लागतो, कुणाला गोधडीचा एकच ठराविक कोपरा, तोही न धुतलेला, कारण धुतला की वास गेला ना! विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९५३ च्या लेखात हेच मांडलंय की आईपासून जरा जरा सुटं व्हायला शिकताना मूल अशा एखाद्या वस्तूचा आधार घेतं. म्हणून मी कानाऐवजी आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी हातात देऊन बघितली (वर्षाच्या आतल्या बाळाजवळ मात्र सैल गोधडी, उशी काही ठेवायचं नाही हं). रिझल्ट? आता एका हातात गोधडी, दुसऱ्यात कान.

काही पोरं झोपताना उशीवर डोकं आपटतात नाहीतर डुलत राहतात, बघून आपला जीव वर-खाली होतो, पण बहुतेकांचं ते आपोआप सुटतं. लागत असेल किंवा दिवसाही चालू असेल तर डॉक्टरांना विचारा.

आणि एक प्रकार खरंच घाबरवणारा. झोपून दीड-दोन तास झाले की पोर अचानक किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे, घामाघूम, आणि तुम्ही जवळ घ्यायला गेलात तर ओळखत नाही, ढकलतं. याला नाइट टेरर म्हणतात. हे वाईट स्वप्न नाही, स्वप्नं जास्त करून पहाटेकडे पडतात आणि त्यातून मूल पूर्ण जागं होतं, आपल्याला बिलगतं. हे येतं गाढ झोपेतून, रात्रीच्या पहिल्या भागात. त्यामुळे हलवून उठवू नका, पडणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत स्वतःच आडवं होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. आजी तेवढ्यात मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढते आणि पोर शांत, क्रेडिट मोहरीला! काढू द्या, कुणाचं काय जातंय. फक्त ज्या दिवशी दुपारची झोप बुडाली किंवा अंगात ताप आहे त्या रात्री हे जास्त दिसतं, ते लक्षात ठेवा. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, त्यामुळे "दुपारी झोपवू नका म्हणजे रात्री लवकर झोपेल" हा आत्याबाईंचा सल्ला बऱ्याचदा उलटा पडतो.

बाकी सगळं क्यूट म्हणून सोडा, पण रोज रात्री घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, मधेच श्वास अडकल्यासारखं होणं, हे नाही सोडायचं. अॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागातल्या गाठी, वाढलेले असू शकतात. फोनवर मिनिटभर व्हिडिओ काढा आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण क्लिनिकमध्ये ते पोर टक्क जागं असणार.