क्षमेच्या दारात अडखळलेली माणसं

(दृश्य: महाबळेश्वर, होली क्रॉस चर्च)

मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं केलं ते प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी. त्या परंपरेत वाढलेल्या सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती घरांना फादरसमोर गुडघे टेकून पाप सांगणं, म्हणजे पापनिवेदन, नवखं वाटतं. कॅथॉलिकांना मात्र गंभीर पापं वर्षातून एकदा तरी सांगावीच लागतात. हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा, म्हणजे कॅथॉलिक बिशपांच्या मोठ्या धर्मसभेपासूनचा.

आधी बायबलमधल्या दहा आज्ञा समोर ठेवून स्वतःची झडती घ्यायची. मग कबुली: पाप कोणतं आणि किती वेळा. आकडा नीट आठवत नसेल तर अंदाजे चालतो. विसरून राहिलेल्या पापालाही क्षमा मिळते, पुढच्या खेपेला ते सांगायचं. जाणूनबुजून दडवलं तर मात्र सगळंच पापनिवेदन फुकट जातं. लाजेपोटी नेमकं हेच घडतं. वास्तविक फादरनी ऐकलेलं पोलिसांनाच काय, बिशपांनाही सांगायचं नसतं.

पश्चात्ताप देवावरच्या प्रेमातूनच यायला हवा, असंही नाही. नरकाच्या भीतीने आलेला पस्तावाही पापनिवेदनाला पुरतो, हे ट्रेंटच्या परिषदेने, अशाच आणखी एका धर्मसभेने, १५५१ मध्ये स्पष्ट केलं. खचलेल्या माणसाला या सवलतीचा मोठा आधार आहे.

(दृश्य: वधस्तंभ)

पेत्र आणि यहूदा हे येशूचे दोन शिष्य. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, यहूदाने धरून दिलं, एकाच रात्री. पस्तावले दोघंही. यहूदाने तर ३० नाणी परत नेली, गुन्हा कबूल केला, पण ज्यांनी पैसे दिले होते त्या याजकांपाशी. त्यांनी त्याला झटकून टाकलं. येशूकडे तो फिरकलाच नाही, आणि त्याने गळफास घेतला. पेत्र रडला, पण बाकीच्या शिष्यांना सोडून गेला नाही. देव मला क्षमा करणारच नाही, असा निकाल आपणच लावून मोकळं होणं, याला चर्च निराशेचं पाप म्हणतं. करेलच की क्षमा, म्हणून खुशाल पाप करत राहणं हेही तितकंच वाईट.

नैराश्याचा आजार मात्र वेगळा. गंभीर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते, असं चर्चची धर्मशिकवण सांगते. आत्महत्या केलेल्यांच्या तारणाची आशाही सोडू नये, असंही ती म्हणते. त्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याचं जुनं कलम १९८३ च्या चर्च-कायद्यात उरलेलं नाही.

(दृश्य: पापनिवेदनाची जाळी)

काही जण क्षमा मिळालेलं तेच पाप दर आठवड्याला पुन्हा सांगतात. अशांना दर वेळी एकाच फादरकडे जायला सांगतात. आणि ते फादर ‘आता हे पुन्हा सांगू नको’ म्हणाले, की ते पाप पुन्हा काढायचं नाही.