पद्मिनीला नवा हात

(परभणी. कडुनिंबाखालचं अंगण. पत्र्याच्या शेडमध्ये प्रीमियर पद्मिनी, दारं उघडी, दिवे काढलेले.)

ही गाडी जन्मानं मुंबईची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये आधी फियाट 1100 तयार व्हायची, तीच पुढे 1974 पासून पद्मिनी या नावानं निघू लागली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईनं 2023 पर्यंत वापरली.

अंगणातली ही पद्मिनी मात्र घरगुती. निवृत्त शिक्षकांनी ती मुंबईच्या मेहुण्याकडून घेतली. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून आम्हीही सरच म्हणतो. इंजिन झालं, ब्रेक झाले, सगळी वायरिंग नवीन झाली आणि पैसे संपले. डेंटिंग-पेंटिंगचा आकडा विचारला, तर तो गाडीच्या किमतीच्या वर गेला. मग ठरलं, रंग घरीच द्यायचा. खर्चाची मर्यादा दहा हजार. ती सरांनी नाही, बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं घातली. वहीही त्यांच्याकडेच आहे.

(सरांच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. ते दारावरून हळूहळू सरकतं.)

पहिलं हत्यार फुकटचं निघालं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक. पत्र्यावर ते चिकटतं, पुट्टीवर चिकटत नाही. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या पट्टीवर आलं आणि हातातून सुटलं. वरून रंग गुळगुळीत, आत बोटभर जाडीची पुट्टी. कुणीतरी गंज न काढताच ती थापली होती.

मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा बराच टिकतो. पण मुंबईच्या गाडीच्या सांध्यांत खारी हवा आणि पावसाळे बसलेले असतात. कुठे शोधायचं, ते ठरलेलं आहे: दारांचा तळ, चाकांच्या कमानी, काचेच्या रबराखालची कड, पायपुसण्याखालची जमीन. पत्रा वाळलेल्या पानासारखा चुरला, तर तिथे रंगाचा काही उपयोग नाही. तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. सरांनी ते एवढं काम बाहेरून करून घेतलं आणि वहीतला मोठा आकडा तिथेच पडला. बरोबरच केलं. पैसे घालायचेच तर ते इथे घालावेत.

बाकीचा गंज तारेच्या ब्रशनं घासला. खड्ड्यांत जो उरला, त्याला फॉस्फरिक आम्लाचं गंजनाशक. ते गंजाचं आयर्न फॉस्फेट करतं आणि तो भाग काळपट होतो. मग पुट्टी. तिच्यात लाल हार्डनर घालतात, वजनाच्या साधारण दोन टक्के. उन्हात ती हातातच घट्ट होते, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच कालवायची.

आता घासणं. सरांनी नाकाला मास्क लावला आणि तरीही कोरडं घासायला नकार दिला. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली. ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. वॉटर पेपर, बादलीभर पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब. घासून निघालेला गाळ झाडाच्या आळ्यात ओतायचा नाही, हे बाईंनी बजावलं. पाणी जपून वापरायची सवय असलेल्या घरात तेवढं एक पाणी मात्र कुणी पुन्हा वापरलं नाही.

(रस्ता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लाल रंग मारणारे एक वयस्कर पेंटर.)

हे चाचा. ट्रॉल्या, लोखंडी गेट, दुकानांच्या पाट्या, सगळं यांच्या हातचं. सरांना त्यांनीच सांगितलं, स्प्रे गनच्या नादाला लागू नका. कॉम्प्रेसर भाड्यानं मिळतो, पण हात बसलेला नसेल तर अर्धा रंग हवेत जातो. त्यात मध्येच लाइट गेली, तर बॉनेट अर्धंच राहतं. आणि गाड्यांना जो पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग मारतात, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर फुप्फुसाला धोका. रुमाल किंवा साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. घराच्या अंगणात, शेजारची पोरं खेळत असताना, तो प्रयोग नकोच.

म्हणून साधा सिंथेटिक इनॅमल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, गेटला लावतात तोच. सोबत फोमचा चार इंची रोलर. मेटॅलिक रंगाचा विचारही करायचा नाही. त्यातले चमकते कण रोलरखाली एकसारखे बसत नाहीत, पट्टे उमटतात. सॉलिड रंगच हवा. सरांच्या मनात मेंदी हिरवा होता. पण रंग बदलला की आरटीओत जाऊन आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. गाडी क्रीम होती, क्रीमच राहिली.

आधी रेड ऑक्साइड प्रायमर. प्रायमर मारून गाडी महिनाभर तशीच ठेवणारे पुष्कळ भेटतात. प्रायमर सच्छिद्र असतो, दमट हवा त्यातून पत्र्यापर्यंत पोचते आणि खाली पुन्हा गंज धरतो. प्रायमर वाळला की त्यावर रंग चढलाच पाहिजे.

(बॉनेटवर रोलर. कॅमेरा अगदी जवळ.)

टर्पेंटाइन घालून रंग ताकाइतका पातळ केलाय. पहिला हात इतका विरळ, की खालचा प्रायमर सरळ दिसतो. सरांना वाटलं, अजून थोडा घ्यावा. चाचा बाजूला खुर्चीवर बसून होते. म्हणाले, "जल्दी नक्को करो सर, रंग को हवा खाने दो."

चाचांचं म्हणणं रसायनशास्त्रालाही धरून आहे. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगातला थिनर उडाला की तो रंग वाळला. इनॅमलचं तसं नाही. टर्पेंटाइन उडून गेल्यावरही तो हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतो. जाड थर दिला की वरची साय आधी धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि मग सुरकुत्या पडतात. याच कारणानं रंगानं माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात कोंबायची नाहीत. ऑक्सिजन घेताना ती आतून तापतात, कधी पेटही घेतात. दोरीवर पसरून वाळवायची.

रोलर फिरला की बुडबुडे उठतात. लगेच जवळजवळ कोरडा रोलर अगदी हलक्या हातानं, दाब न देता, एकाच दिशेनं फिरवायचा. बुडबुडे फुटतात, रंग आपोआप पसरतो. दोन हातांनंतर वाळवण, 600 किंवा 800 नंबरचा पेपर पाण्यात बुडवून घासणं, पुसणं, परत दोन हात. असे सहा ते आठ हात. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. जर्मनीत हे कसं करतात कोण जाणे, परभणीत असं होतं.

हंगाम मुद्दाम दिवाळीनंतरचा धरला. मे महिन्यात पत्राच इतका तापतो की रंग पसरायच्या आत धरतो, रोलरच्या रेघा तशाच राहतात. पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाही. हिवाळ्यात सकाळचं दव असतं, म्हणून काम अकरानंतर सुरू आणि तीनला बंद. जमिनीवर पाणी शिंपडलं, शेडला जुन्या साड्या बांधल्या. तरी बाहेरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात होत्या. बॉनेटच्या मधोमध एक तंतू येऊन बसला. सर चिमटा घेऊन धावले. चाचांनी नुसता हात वर केला. ओल्या रंगात चिमटा घातला की खड्डा पडतो. तंतू तसाच वाळू दिला, दुसऱ्या दिवशी पेपरनं घासला, जागा सापडेना.

(दाराचा तळ. बारीक तार एका भोकात जाते.)

छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा-वाळूजच्या पट्ट्यात गाड्या बनतात. मोठ्या कारखान्यांत अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवतात, वीज सोडून तो कोपऱ्याकोपऱ्यात बसवतात आणि भट्टीत भाजतात. रोलर दाराच्या पोटात जाणार नाही. तेव्हा निदान दाराखालची पाण्याची भोकं तारेनं मोकळी केली. पाणी साचलं नाही, तर निम्मा गंज तिथेच टळतो.

शोरूमसारखी झालीय का? नाही. कडेनं पाहिलं तर थोडी खडबड दिसते. पेंटर तिला ऑरेंज पील म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात इनॅमलची चमक पीयूच्या आधी उतरणार, हेही नक्की. पण उतरली तर तोच रोलर, तोच डबा, पुन्हा दोन हात. ओरखडा पडला तरी गॅरेजची पायरी चढायला नको.

आता काही आठवडे सांभाळायचं. रंग आतून कडक होईपर्यंत पॉलिश नाही आणि वर कव्हर टाकायचं नाही. मऊ रंगाला कापड चिकटतं. मग 1500 आणि 2000 चा पेपर, शेवटी रबिंग कंपाउंड. काटकसर चालते, पण मास्किंग टेपमध्ये नको. साध्या टेपचा गोंद क्रोमवर राहिला आणि तो काढायला सरांना एक दुपार गेली.

डिकी अजून व्हायची आहे. तिच्यापुरता रंग बाईंनी वेगळ्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवलाय. सुरुवातीलाच सगळे डबे एका बादलीत एकत्र ओतून ढवळले होते, कारण एकाच नंबरच्या दोन डब्यांत सुद्धा छटेचा फरक निघतो. डिकी संक्रांतीनंतर.