नात्याचा रकाना

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात मी राहते. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. तिच्यात दीड वर्षाची एक मुलगी आहे आणि तिला विचारून घ्यायचं तिचं वय नाही.

आमची थोडी कलमं आहेत, आंबा-काजूवर घर चालतं. घरात मी, माझी आई, लेक आणि लेकीची आई. लेकीची आई म्हणजे माझी जोडीदार. आम्ही दोघी अकरा वर्षं संसार करतोय. पहिली काही वर्षं गावाला सांगितलं, मैत्रीण आहे, भाड्यानं राहते. 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 377 कलमाचा निकाल आला, त्या रात्री मी आईला खरं सांगितलं. आई वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही.

मूल हवं ही ओढ मुळात माझ्या जोडीदाराची. मला भीतीच जास्त होती. पण संध्याकाळी शेजारची पोरं अंगणात लगोरी खेळायची आणि ही भात निवडता निवडता हात थांबवून बघत राहायची. ते बघून एक दिवस मीच म्हटलं, जाऊया डॉक्टरकडे.

पहिल्या दवाखान्याचं नाव घेत नाही. तिथे काउंटरवरच फॉर्म पुढे आला. पतीचे नाव, पतीचे वय, पतीची सही. डॉक्टरांनी आत बोलावलंसुद्धा नाही, बाहेरच निरोप आला, ‘नवऱ्याला घेऊन या.’ परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. कणकवली येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

नंतर कोल्हापूरच्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून कायदा समजावला. तो तुम्हालाही सांगते, कारण हे ऐकणाऱ्यांत कुणीतरी आमच्यासारखी असणार, आणि तिलाही कुठेतरी काउंटरवरून परत पाठवलेलं असणार. वंध्यत्व उपचारांचा हा कायदा 2021 सालचा, जानेवारी 2022 पासून लागू झालेला. त्यात जोडपं म्हणजे लग्न झालेलं नवरा-बायकोचं जोडपं. पण 21 ते 50 वर्षांच्या एकट्या बाईलाही हा उपचार घेता येतो, लग्नाची अट नाही. म्हणजे कायद्याला माझी जोडीदार दिसते, एकटी बाई म्हणून. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली मी दिसत नाही. परदेशात काही जोडप्यांत एकीचं अंडं घेऊन गर्भ दुसरीच्या पोटात वाढवतात. मी आशेनं विचारलं, तर डॉक्टरबाईंनी मान हलवली. इथे ती वाट आपल्याला नाही. फॉर्मवर ‘सोबत आलेल्या व्यक्तीचे नाते’ असा रकाना होता. मी लिहिलं, मैत्रीण.

आता उपचाराचं. लोकांना वाटतं काहीतरी भयंकर यंत्रं असतील. आमच्या वाट्याला आलं ते साधं होतं, आययूआय म्हणतात त्याला. आधी रक्ततपासण्या, थायरॉईड, गर्भनलिका मोकळ्या आहेत का याचा एक्स-रे. फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासून सुरू. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, मग अंड्याची वाढ बघायला सोनोग्राफी. अंड्याची पिशवी अठरा-वीस मिलिमीटरची झाली की ती फुटावी म्हणून एक इंजेक्शन, आणि साधारण छत्तीस तासांनी बँकेतून आणलेले शुक्राणू धुऊन, बारीक नळीनं गर्भाशयात सोडायचे. दहा मिनिटांचं काम. दाता कोण ते कळत नाही आणि बाळावर त्याचा काही हक्क राहत नाही. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलीस या सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय नमुना वापरत नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण ओळखीतल्या कुणाकडून घेऊन घरच्या घरी करू असं आमच्याही मनात आलं होतं. कृपा करून करू नका. तिथे ना तपासणी असते, ना कायद्याचं संरक्षण. दवाखान्यातही आधी नोंदणी क्रमांक विचारा.

एका खेपेत यश येण्याची शक्यता शंभरात दहा-पंधरा, हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकणं वेगळं आणि चौदा दिवस वाट बघून पाळी येणं वेगळं. एका खेपेचा खर्च म्हणजे मोसमाच्या सुरुवातीच्या तीन-चार पेट्या हापूस. पहिली खेप ऑक्टोबर 2023 मधली. भातकापणीचे दिवस. त्याच महिन्यात, 17 तारखेला, विवाहाच्या हक्काचा निकाल लागला. आमच्यासारख्यांना लग्नाचा हक्क नाही, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी, जोडपं म्हणून मूल दत्तकही घेता येणार नाही. मळ्यात विळा हातात धरून मी मोबाईलवर ते ऐकलं. चार दिवसांनी तिची पाळी आली. दोन्ही दुःखं एकमेकांत अशी मिसळली की रडू कशाचं तेही कळेना.

दुसरी खेपही गेली. आणि मग आई बोलली.

मला वाटलं होतं ती म्हणेल, देवाच्या मनात नाही, सोडा आता. पण ती सांगू लागली लालबागच्या चाळीतली गोष्ट. माझे वडील गिरणीत होते, आई तेव्हा तिथेच होती. 6 ऑगस्ट 1986 ला परळच्या केईएममध्ये डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. केईएम म्हणजे चाळीतून चालत जाण्याइतकं. वडिलांनी पेपर मोठ्यानं वाचून दाखवला होता. चाळीतल्या बायका म्हणाल्या होत्या, असलं पोर जगायचं नाही, देवाच्या कामात हात घातलाय. आई मला म्हणाली, ‘ता चेडू वाढला. मोठा झाला. लोकांचा काय ऐकतंस तू?’ गेली पाच वर्षं लोकांचं तीच ऐकत होती. पण मी काही बोलले नाही, तिचे पाय दाबत बसले.

तिसरी खेप मार्च 2024 ची. कणकवलीला सोनोग्राफी केली, रिपोर्ट डॉक्टरबाईंना मोबाईलवर पाठवला, उत्तर आलं, आज रात्री बरोब्बर दहाला इंजेक्शन. ते आधीच कोल्हापुरातून आणून ठेवलेलं होतं. येताना थर्माकोलच्या डब्यात, पापलेट ठेवतात तसल्या. बर्फ थेट लागू नये म्हणून पंच्यात गुंडाळलेलं. रात्री पावणेदहाला लाईट गेली. आई बॅटरी घेऊन उभी राहिली. बेंबीच्या बाजूला पोटाची चिमूट धरायची आणि सुई सरळ घालायची, एवढंच. पण माझा हात थरथरत होता, आईचाही, आणि बॅटरीचा उजेड जोडीदाराच्या पोटावर इकडून तिकडे हलत होता. शेवटी आईनं बॅटरी फडताळावर टेकवून ठेवली आणि माझं मनगट धरलं. बाहेर घड्याळानं दहाचे ठोके दिले तेव्हा सुई आत गेली होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला निघालो. नांदगाव तिठ्यावरून फोंडाघाट चढलो. दाजीपूरच्या रानात इतकं धुकं की गाडीवाल्यानं दोनदा गाडी थांबवली. दहाला कोल्हापुरात पोहोचलो. चौदा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. आईनं आधी देवापुढे नारळ ठेवला आणि मग विचारलं, ‘खरा मा?’

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. काकाचं घर आलं नाही, वाडीतल्या पाच-सहा बायका आल्या. तिला पाटावर बसवलं, आई ओटी भरायला उठली आणि मध्येच थांबली. स्वयंपाकघरातून दुसरा पाट आणला, तिच्या शेजारी मांडला. मला म्हणाली, ‘बस गो पाटार. पोर दोघांचा आसा.’ एक बाई उठून गेली. बाकीच्या बसून राहिल्या, आणि त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी माझ्या पदरात तांदूळ घातले.

डिसेंबरमध्ये बाळंतपण. कळा सुरू झाल्यावर रात्री दोन वाजता सिझेरियनचा कागद पुढे आला. सही कोण करणार, नवरा, भाऊ? तिचे भाऊ आमच्याशी बोलत नाहीत. रकान्यात मी लिहिलं, बहीण. खोटं लिहिलं. लेकीला हातात घेतल्यावरही तो शब्द मला टोचत होता.

जन्मदाखल्याला अडचण आली नाही. अविवाहित आईला वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2015 साली सांगून ठेवलेलं आहे, प्रतिज्ञापत्र पुरतं. आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आपल्या राज्यात आधी आईचं नाव येतं. त्यामुळे लेक आमची नियमात बसली. माझं नाव कशावरच नाही. जोडीदारानं मृत्युपत्र केलंय, त्यात लेकीची पालक म्हणून मला नेमलंय. वकील म्हणाले, तुमच्या परिस्थितीत एवढंच हातात आहे. तिला उद्या काही झालं तर मला त्या कागदाच्या आधारानं न्यायालयात उभं राहावं लागेल. लग्नाचा निकाल देणाऱ्यांनी आमच्या घरी एक रात्र राहायला हवं होतं, लेकीला ताप आलेल्या रात्री.

परवा दीड वर्षाचं लसीकरण होतं. जोडीदार शाळेत शिकवते, तिला रजा नव्हती, म्हणून मीच उपकेंद्रात घेऊन गेले. गोवर-रुबेलाची दुसरी लस आणि त्रिगुणीचा बूस्टर. सुई टोचली तशी लेक माझ्या गळ्याला घट्ट बिलगली आणि ‘आये, आये’ करून रडायला लागली. घरी ती हिला आई म्हणते आणि मला आये, हे तिचं तिनंच ठरवलं, बहुधा मी माझ्या आईला मारते ती हाक ऐकून. आशाताई कार्डावर दुसरा मोबाईल नंबर लिहीत होत्या. नंबर लिहून झाला, पुढे नात्याची जागा होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत पेन टेकवलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, ‘आये’.