गाडीला गाडी बांधून पेट्रोल वाचतं का?

नमस्कार इंदूरकर! सुट्ट्या लागल्या की आपल्याकडून दोन-दोन गाड्या सोबत निघतात, नाशिकला मुंज, धुळ्याला लग्न, आणि चहाला थांबलं की विषय एकच, पेट्रोल किती खाल्लं.

तर आमचे रामबागेतले मामा. धुळ्याला निघाले, मागे साडूंची गाडी. मामा म्हणाले दोन इंजिनं कशाला जाळायची, दोर बांधा, मागची न्यूट्रलला, निम्मा खर्च! मामी म्हणाली अहो, वजन तर दोन्हींचं ओढायचंच ना, पण ऐकतंय कोण. राऊपासून दोर. मागचं इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, ब्रेक एक-दोनदा दाबला की दगड, साडू घामाघूम आणि मामा पुढे गाणी ऐकतायत. टोलनाक्यावर मामांचा फास्टॅग वाजला, दांडी वर, मामा पार, आणि दांडी खाली आली ती बरोब्बर दोरावर. केबिनमधला पोरगा ओरडला, "अंकल, ये मालगाडी है क्या?" मामा उतरून वाद घालतायत, इंजिन एकच चालू आहे तर टोल एकच घ्या! मागे ट्रकांचे हॉर्न. शेवटी मामीनेच दोर सोडला, साडूंच्या गाडीत जाऊन बसली, आणि मामा धुळ्यापर्यंत एकटे.

आता न बांधता जोडायचं म्हणाल तर ते खरंच करून बघितलंय. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, पुढचा ट्रक हवा फोडतो, मागच्याला सोपं जातं. एप्रिल 2016 मध्ये युरोपातल्या सहा कंपन्यांचे ट्रक असे जोडून रॉटरडॅमला पोचले, दोर नाही, वायरलेसने, पुढच्याने ब्रेक मारला की मागच्याचा लगेच लागतो. पण 2019 मध्ये डेमलर या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं की बचत वाटली होती तेवढी नाही, मधे कोणी घुसलं की जोडी तुटते, परत गाठायला डिझेल जातंच. आणि आपल्या एबी (आग्रा-मुंबई) रोडवर मधे कोण घुसत नाही सांगा!

म्हणून ट्रकला चिकटू नका. परत सांगतो, चिकटू नका! 80 च्या वेगात सेकंदाला 22 मीटर जाता, आणि तुमच्याकडे वायरलेस नाही, नुसता पाय आहे. त्यापेक्षा टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा, 100 ऐवजी 80 ने चला, आणि टायरची हवा गाडी थंड असताना बघा, घाट चढून गरम झाल्यावर नाही.